चंद्र हाच परावर्तक: एका यागी अँटेनावर १४४ मेगाहर्ट्झचा प्रतिध्वनी मिळवण्याची रीत

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंचा उपयोग हौशी रेडिओचालक दोन तऱ्हांनी करतात. पहिल्या तऱ्हेत उपग्रहावर ट्रान्सपॉन्डर असतो. तो आपला संकेत ऐकतो, वाढवतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रसारित करतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हॅमसॅट हा असा सक्रिय उपग्रह होता. दुसऱ्या तऱ्हेत वरची वस्तू काहीच करत नाही. आपल्या लहरी तिच्यावर आदळतात, चहूकडे विखुरतात आणि त्यांतला अत्यल्प अंश खाली परततो. अशा निष्क्रिय परावर्तकाची बॅटरी संपत नाही, त्याचे वेळापत्रक कोणी बदलत नाही आणि त्याला ठरावीक वारंवारतेचे बंधनही नसते. या लेखात दुसऱ्याच तऱ्हेचा विचार केला आहे, आणि त्यातही चंद्राचा.

चंद्रच का, हे नीट समजल्याशिवाय पुढची खटपट करू नये. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने एको-१ नावाचा, धातूचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचा, सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा कक्षेत सोडला आणि कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथून पाठवलेला अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ध्वनिमुद्रित संदेश त्या फुग्यावरून परावर्तित होऊन न्यू जर्सीतील होल्मडेल येथे ऐकू आला. पुढे १९६४ मध्ये त्याहून मोठा एको-२ गेला. हे फुगे आता नाहीत, पण ४०० किलोमीटरच्या आसपास फिरणारे, शंभराहून अधिक मीटर रुंदीचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहे. परावर्तनात संकेताचा जोर अंतराच्या चतुर्थ घाताने घटतो. त्यामुळे चंद्राच्या तुलनेत सुमारे नऊशे पट जवळ असलेल्या स्थानकाला केवळ अंतरापोटी ११८ डेसिबलचा (दर १० डेसिबलला शक्ती दहापट) लाभ मिळतो. चंद्राच्या अवाढव्य आकारामुळे त्यातले नव्वदेक डेसिबल वजा केले, तरी स्थानक डोक्यावर असताना त्याचा प्रतिध्वनी ढोबळ हिशेबाने वीसेक डेसिबल सरसच भरतो.

तरीही नवशिक्याने स्थानकामागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, आठ-दहा मिनिटांत क्षितिजापार होते आणि तेवढ्या वेळात १४४ मेगाहर्ट्झवरचा परावर्तित संकेत डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे वस्तूच्या वेगाने वारंवारता बदलल्यामुळे, वर-खाली मिळून दहा किलोहर्ट्झहून अधिक सरकतो. क्षीण संकेत पकडण्याची आजची सारी साधने एकाच वारंवारतेवर मिनिटभर स्थिर राहणाऱ्या स्वरांची बेरीज करण्यावर उभी आहेत, आणि ती बेरीज करायला स्थानक उसंतच देत नाही. चंद्राचा प्रतिध्वनी कितीतरी दुबळा असतो, पण चंद्र तासन्‌तास आकाशात असतो आणि त्याचा डॉप्लर १४४ मेगाहर्ट्झवर महाराष्ट्राच्या अक्षांशांवर जेमतेम ४०० हर्ट्झपर्यंत जातो. या कामात जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा, आणि वेळ चंद्राकडेच आहे. पुढची प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून निघते.

चंद्राचा हा उपयोग जुना आहे. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी न्यू जर्सीतील बेलमारजवळून १११.५ मेगाहर्ट्झवर चंद्राकडे स्पंद पाठवले आणि अडीच सेकंदांनी त्यांचा प्रतिध्वनी ऐकला. १९५३ मध्ये दोन अमेरिकी हौशी चालकांनी १४४ मेगाहर्ट्झवर स्वतःचा प्रतिध्वनी नोंदवला, जुलै १९६० मध्ये १२९६ मेगाहर्ट्झवर हौशी केंद्रांमधला पहिला दुतर्फा संपर्क झाला आणि १९६४ मध्ये १४४ मेगाहर्ट्झवर कॅलिफोर्निया आणि फिनलंड चंद्रामार्गे जोडले गेले. तेव्हा प्रचंड अँटेना आणि मोर्सचा कसलेला कान, दोन्ही लागत. हे काम घराच्या गच्चीवर आले ते नोबेलविजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी २००१ पासून विकसित केलेल्या सॉफ्टवेअरमुळे. ते स्वतः हौशी रेडिओचालक आहेत, आणि पल्सार या फिरत्या ताऱ्यांचे क्षीण संकेत उकलणाऱ्या माणसाने हे साधन घडवले, यात मला मोठे औचित्य वाटते.

आधी कागदावर हिशेब

अँटेना विकत घेण्यापूर्वी वही घेऊन बसावे. १४४ मेगाहर्ट्झवर पृथ्वी ते चंद्र आणि परत या मार्गातील घट सुमारे २५२ डेसिबल आहे. चंद्र आदळणाऱ्या लहरींपैकी फार तर सात टक्केच परत फेकतो, हे तीत धरलेले आहे. समजा, तुमचे प्रक्षेपण १०० वॅटचे, म्हणजे २० डीबीडब्ल्यू (१ वॅटच्या तुलनेत डेसिबल) आहे, केबलमध्ये १ डेसिबल जातो, तुमच्या दहा घटकांच्या यागीचा, म्हणजे एका दांड्यावर ओळीने धातूच्या काड्या बसवलेल्या अँटेनाचा, गेन (एका दिशेला जोर एकवटण्याची क्षमता) १४ डीबीआय (सर्व दिशांना सारख्या पसरणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत डेसिबल) आहे आणि समोरच्या केंद्राकडे चार यागींचा, २० डीबीआयचा संच आहे. बेरीज-वजाबाकी केल्यावर समोरच्याला उणे १९९ डीबीडब्ल्यू एवढी शक्ती पोहोचते. त्याच्या रिसीव्हरचा आणि आकाशाचा मिळून नॉईज, म्हणजे गोंगाट, ४०० केल्विन धरला, तर अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो उणे १६९ डीबीडब्ल्यू होतो. म्हणजे तुमचा संकेत नॉईजच्या ३० डेसिबल खाली आहे. टेलर यांच्या सॉफ्टवेअरमधल्या क्यू६५ या संदेशपद्धतीचा एक मिनिटाचा प्रकार सुमारे उणे २७ डेसिबलपर्यंत उकल करतो. तीन डेसिबल कमी पडले.

हे तीन डेसिबल कुठून आणायचे, यातच सारे कौशल्य आहे. समोर सोळा यागींचे केंद्र असेल तर सहा डेसिबल तिकडूनच मिळतात. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर जमिनीकडून मिळतात, त्याबद्दल पुढे येईलच. चंद्र पृथ्वीजवळच्या बिंदूपाशी, म्हणजे ३,५६,५०० किलोमीटरच्या आसपास असेल, तर ४,०६,७०० किलोमीटरच्या दूरच्या बिंदूच्या तुलनेत सव्वादोन डेसिबलचा फरक पडतो. हाच हिशेब उलट दिशेने केला तर चित्र एकदम आशादायक दिसते. समोरचा हजार वॅटने बोलत असेल, तर तुमच्या एका यागीवर तो उणे २० डेसिबलला येतो आणि सहज उकलतो. म्हणून पहिले काही महिने फक्त ऐकावे. ऐकण्याचे केंद्र स्वस्तात उभे राहते आणि त्यात केलेली प्रत्येक सुधारणा पुढे प्रक्षेपणालाही उपयोगी पडते.

अँटेना, केबल आणि प्रीॲम्प

सुमारे पाच मीटर बूमची (मधल्या दांड्याची), नऊ-दहा घटकांची यागी पुरेशी आहे. घटक जमिनीला समांतर असावेत. एफएम रिपीटरसाठी उभी लावलेली अँटेना या कामाला चालत नाही, तसेच केवळ एफएम असलेला हातातला सेटही चालत नाही. एसएसबी (सिंगल साइडबँड) हा प्रकार असलेला १४४ मेगाहर्ट्झचा ट्रान्सीव्हर हवा, किंवा नुसते ऐकायचे असेल तर तापमान-भरपाई असलेल्या ऑसिलेटरचा यूएसबी एसडीआर (संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा) रिसीव्हर हवा.

प्रीॲम्प, म्हणजे क्षीण संकेत सुरुवातीलाच वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर, अँटेनाच्या पायथ्याशी, खांबावरच बसवावा. खोलीत रेडिओजवळ बसवलेल्या प्रीॲम्पचा फारसा उपयोग नाही, कारण केबलमध्ये हरवलेला संकेत नंतर कितीही वाढवला तरी परत मिळत नाही. आरजी-२१३ केबलच्या वीस मीटर लांबीत १४४ मेगाहर्ट्झवर पावणेदोन डेसिबलच्या आसपास जातात. वरच्या हिशेबात अडखळायला आपल्याला तीनच डेसिबल पुरले होते, हे लक्षात घ्यावे. शहरात एफएम प्रसारण केंद्रांच्या जोरदार संकेतांनी प्रीॲम्प गुदमरतो, तेव्हा पट्टा गाळणारा फिल्टर जोडावा. प्रक्षेपण सुरू केल्यावर सिक्वेन्सर अत्यावश्यक आहे: आधी रिले फिरून प्रीॲम्प बाजूला झाला पाहिजे आणि त्यानंतरच पॉवर ॲम्प्लिफायर सुरू झाला पाहिजे. हा क्रम एकदा जरी उलटला तरी प्रीॲम्प जळतो. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप नीट ताणून गुंडाळावी, कारण पावसाळ्यात केबलच्या जाळीत शिरलेले पाणी दिवाळीपर्यंतही सुकत नाही.

दिशा साधण्यासाठी गच्चीवर होकायंत्रावर विसंबू नये. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे त्याची सुई भलतीकडे वळते. पौर्णिमेच्या संध्याकाळी उगवत्या चंद्राकडे बूमच्या मागच्या टोकाला डोळा लावून पाहावे. सारे घटक एकामागे एक झाकले जाऊन चंद्र बूमच्या टोकावर बसला, की रोटेटरच्या (अँटेना फिरवणाऱ्या मोटरच्या) तबकडीवर त्या क्षणीचा दिगंश (उत्तरेपासूनचा आडवा कोन) लिहून ठेवावा. यागीचा झोत तीसेक अंश रुंद असतो, त्यामुळे चार-पाच अंशांच्या चुकीने काही बिघडत नाही.

क्षितिजाचे दान

अँटेना वर-खाली करणारा दुसरा रोटेटर सुरुवातीला घेऊ नये. यागी क्षितिजाला समांतर ठेवून फक्त चंद्रोदय किंवा चंद्रास्ताच्या वेळी काम करावे. त्या वेळी थेट येणारी लहर आणि समोरच्या सपाट जमिनीवरून परावर्तित झालेली लहर काही कोनांवर एकमेकींत मिळतात आणि आदर्श परिस्थितीत सहा डेसिबलपर्यंत, व्यवहारात चार-पाच डेसिबल, फुकट मिळतात. कोणत्या कोनावर, हे अँटेनाच्या उंचीवर ठरते. खांब जमिनीपासून १० मीटर असेल तर पहिला लाभ ३ अंशांवर, त्यानंतर ६ अंशांवर खळगा आणि दुसरा लाभ ९ अंशांवर येतो. आपल्या अक्षांशांवर क्षितिजाजवळचा चंद्र तासाला जवळपास १४ अंश चढतो किंवा उतरतो, म्हणून हा पहिला लाभ पंचवीसेक मिनिटे टिकतो. उंच इमारतीच्या गच्चीवर हे लाभ आणि खळगे दाटीवाटीने येतात आणि प्रत्येकाला अवघी काही मिनिटे मिळतात, त्यामुळे या कामापुरता दहाव्या मजल्यापेक्षा बंगल्याच्या अंगणातला खांब बरा.

पूर्व की पश्चिम, हा प्रश्न महाराष्ट्रात आणि गोव्यात फार महत्त्वाचा आहे. १४४ मेगाहर्ट्झवर चंद्रामार्गे बोलणारी मोठी केंद्रे बहुसंख्येने युरोपात आहेत. आपल्याकडे चंद्र उगवतो तेव्हा युरोपात तो क्षितिजाखाली असतो. त्या वेळी जपान आणि ऑस्ट्रेलियाकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे चंद्र मावळायला टेकतो तेव्हा मात्र तो युरोपच्या दक्षिण आकाशात असतो आणि तिथली मोठी केंद्रे पूर्ण जोमात असतात. म्हणजे युरोपसाठी आपल्याला पश्चिमेचे क्षितिज मोकळे हवे, आणि ते रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जसे मिळते तसे क्वचितच कुठे मिळेल: समोर मैलोन्‌मैल सपाट समुद्र, त्यावर ना इमारत ना वीजतार. ज्या हौशी चालकांचे गावचे घर कोकणपट्टीत आहे, त्यांनी सुट्टीत एक यागी आणि गाडीची बॅटरी घेऊन तिथे जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर चंद्र सध्याच्या काळात पश्चिमेला दिगंश २४० ते ३०० या पट्ट्यात कुठे तरी मावळतो, तेवढा पट्टा मोकळा असला की पुरे.

पंचांग आणि आकाशाचा गोंगाट

१४४ मेगाहर्ट्झवर आकाश स्वतःच बोलते. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा नॉईज इतका असतो, की चंद्र त्या भागात असताना उत्तम केंद्रही हतबल होते. चंद्र कुठे आहे हे संगणक सांगतोच, पण घरातले पंचांगही सांगते. पंचांगातली निरयन गणना प्रत्यक्ष तारकांना धरून असल्यामुळे आकाशगंगेचे केंद्र तिच्यात धनु राशीच्या आरंभी, मूळ नक्षत्रात पडते. म्हणून चंद्र ज्येष्ठा, मूळ आणि पूर्वाषाढा नक्षत्रांत असेल ते दिवस सोडून द्यावेत. अमावास्येच्या आगेमागेही चंद्र सूर्याजवळ असल्याने सूर्याचा नॉईज आड येतो. उरलेल्या दिवसांतून चंद्र पृथ्वीजवळ असेल ते निवडावेत.

मानवनिर्मित गोंगाटाचा बंदोबस्त मात्र आपणच करायचा असतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाईल चार्जर, सौर इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रणा हे नेहमीचे अपराधी. घरातला मेन स्विच बंद करून, रेडिओ बॅटरीवर चालवून एकेक सर्किट पुन्हा सुरू करत जावे, म्हणजे दोषी उपकरण सापडते. केंद्राची एकूण परीक्षा घ्यायची तर उन्हाळ्यातल्या रात्री यागी आकाशगंगेच्या दाट भागाकडे आणि मग रिकाम्या भागाकडे वळवावी. नॉईजमध्ये काही डेसिबलचा स्पष्ट फरक पडला तर रिसीव्हर आकाश ऐकतो आहे. फरकच पडला नाही, तर तो शेजारचे चार्जर ऐकतो आहे आणि आधी ते सुधारले पाहिजे.

ऐकायला बसताना

टेलर यांचे डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यात क्यू६५ पद्धत, ६० सेकंदांचा कालावधी आणि बी हा उपप्रकार निवडावा. आपल्या ठिकाणाचा लोकेटर (नकाशावरच्या चौकटीचा सांकेतिक क्रमांक) नीट भरावा: मुंबईचा एमके६९, पुण्याचा एमके६८, नागपूरचा एमएल९१, पणजीचा एमके६५. त्यावरूनच सॉफ्टवेअर चंद्राचा दिगंश, उन्नतांश (क्षितिजापासूनचा उंचीचा कोन) आणि डॉप्लर सांगते. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून एका सेकंदाच्या आत आणावे आणि चंद्रामुळे होणाऱ्या विलंबानंतर उकल करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये सुरू करावा. तो सुरू नसेल तर संदेशाचा शेवट ऐकण्यापूर्वीच उकल सुरू होते.

त्यानंतर १४४.१०० ते १४४.१६० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकावे. धबधब्यासारख्या आलेखावर काहीच दिसले नाही तरी घाबरू नये. उणे २० डेसिबलचा संकेत डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण मिनिटाच्या अखेरीस दोन केंद्रांची संकेतनावे ओळीने उमटतात. संदेश खरोखर चंद्रावरून आला का, हे ओळीतल्या वेळेच्या रकान्यावरून कळते. तिथे अडीच सेकंदांच्या आसपासचा आकडा असला पाहिजे. शून्याजवळ असेल तर तो जमिनीवरूनच आलेला आहे.

सरावासाठी आणखी एक सोय आहे. फ्रान्समधील ग्राव्ह नावाचे अवकाश-निरीक्षण रडार १४३.०५० मेगाहर्ट्झवर शक्तिशाली अखंड लहर सोडते. युरोपातले हौशी तिच्यावर उल्का आणि अवकाश स्थानक यांचे प्रतिध्वनी ऐकतात. आपल्याकडे ती थेट पोहोचत नाही, पण चंद्र तिच्या झोतात आणि आपल्या आकाशात एकाच वेळी असेल, तर चंद्रावरून आलेला तिचा क्षीण स्वर एका यागीवरही मिळू शकतो.

प्रक्षेपण

प्रक्षेपणासाठी एएसओसी (हौशी केंद्रचालक प्रमाणपत्र) परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेला दूरसंचार विभागाचा हौशी परवाना हवा, आणि परवान्यात लिहिलेल्या शक्तीच्या मर्यादेतच राहावे. भारतात हौशींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळतो, त्यामुळे वरच्या वारंवारता त्यात व्यवस्थित बसतात. मात्र क्षितिजाकडे रोखलेली यागी शेजारच्या खिडकीकडेही रोखलेली असते. १०० वॅट आणि १४ डीबीआय मिळून झोताच्या दिशेने अडीच हजार वॅटचे काम होते, आणि दर चौरस मीटरला २ वॅट ही सामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्या झोतात १० मीटरवर गाठली जाते. त्याच्या कितीतरी पट अंतर राखावे आणि समोर माणसांचा वावर असेल तर प्रक्षेपण करूच नये.

पहिल्या संपर्कासाठी आधी आपल्याला उत्तम ऐकू येणारे केंद्र निवडावे. त्याच्या कालावधीच्या उलट मिनिटाला बोलावे आणि एकच संदेश न बदलता पुन्हा पुन्हा पाठवावा, कारण क्यू६५ अनेक मिनिटांची बेरीज करून उकल करू शकते. मध्येच मजकूर बदलला तर समोरच्याने जमवलेली बेरीज वाया जाते. दोन्ही संकेतनावे, अहवाल, त्याची पोच आणि समाप्ती एवढी देवाणघेवाण पुरी झाली की संपर्क ग्राह्य ठरतो. चांगल्या परिस्थितीत याला सहा-सात मिनिटे लागतात, एरवी अर्धा तासही लागतो.

तुम्हाला तो स्पष्ट ऐकू येतो, पण त्याला तुम्ही मुळीच ऐकू येत नाही, असे वारंवार घडेल. आयनांबरातून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून) जाताना लहरीचे ध्रुवीभवन (कंपनाची दिशा) फिरते, त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे दोन ठिकाणच्या आडव्या अँटेना एकमेकींशी तिरक्या होतात, आणि या दोन परिणामांची एका दिशेने वजाबाकी तर दुसऱ्या दिशेने बेरीज होते. यावर उपाय थांबण्याचा: वीस-तीस मिनिटांत स्थिती पालटते. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने दुपारी आयनांबर फार दाट असते आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सूर्यास्तानंतर त्यात उलथापालथ होऊन संकेत जलद चमचमतो. शक्य असेल तर मध्यरात्रीनंतरचा आणि पहाटेचा चंद्रास्त निवडावा. तो पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आपसूकच त्या वेळी येतो.

एका यागीवर पाच-दहा मोठी केंद्रे मिळाल्यानंतर पुढचा खर्च ॲम्प्लिफायरवर करू नये. दुसरी यागी लावावी. तिने ऐकण्यात तीन आणि बोलण्यात तीन डेसिबल वाढतात, आणि समोरची केंद्रे मग सोळा यागींचीच असण्याची गरज उरत नाही, चार यागींची केंद्रेही क्षितिजाच्या लाभाशिवाय आवाक्यात येतात. त्यानंतरच उन्नतांशाच्या रोटेटरचा विचार करावा.